खडूची वर्तुळं

तीन वर्षांपूर्वी, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी उन्हं उतरायच्या सुमाराला, भिंगारमधल्या एका घराची शेवटची चौकट पास झाली. दुसऱ्या दिवशी त्या घरात गृहप्रवेशाचं जेवण झालं. घरमालक आणि त्यांची पत्नी त्याआधी अकरा वर्षं त्याच घरात राहत होते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी भाडेकरू होतो आणि नगरच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून काम करत होतो.

'पास' हा शब्द घरमालकांचा. ते लष्कराच्या वाहनदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन नोकरीला होते आणि निवृत्त झाले तेव्हा तपासनीस होते. दुरुस्त होऊन आलेल्या गाडीभोवती फिरायचं, दोष दिसेल तिथे खडूने वर्तुळ काढायचं. दोष निघाला की वर्तुळ पुसायचं. एकही वर्तुळ उरलं नाही की गाडी पास. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, खडू सुटला नाही. शर्टाच्या वरच्या खिशात कायम एक तुकडा असे आणि खिशाची शिवण पांढरी झालेली असे. गल्लीतली पोरं त्यांना खडूअण्णा म्हणत. मी काका म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला काकू.

खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खालच्या घरातल्या प्रत्येक दाराच्या आणि खिडकीच्या कोपऱ्यावर पांढरं वर्तुळ होतं. काही विधी असेल असं समजून मी काकूंना विचारलं.

"देवाधर्माचं काही नाही ते," काकू म्हणाल्या. "नापास झालेलं आहे."

दाराची चौकट आणि भिंतीचा गिलावा यांच्यामध्ये फट राहते. ती झाकायला चौकटीभोवती लाकडी पट्टी मारतात. वरच्या कोपऱ्यात उभी पट्टी आणि आडवी पट्टी तिरक्या कापून एकमेकींना भिडवतात. काकांचं सगळं म्हणणं त्या भिडण्याबद्दल होतं.

घर बांधताना त्यांनी सुतार लावला होता. चौकटी त्यानेच बसवल्या. पट्ट्या मारायची वेळ आली आणि पहिल्याच कोपऱ्यात फट राहिली. सुतार म्हणाला, "चालतंय की काका. रंगात झाकून जाईल." काकांनी त्याला चहा पाजला, त्याची हत्यारं स्वतः त्याच्या सायकलला बांधून दिली आणि पट्ट्या आपणच मारायचं ठरवलं. हे मला काकूंनी सांगितलं. तेव्हापासून त्या घरात 'चालतंय' हा शब्द कोणी उच्चारत नसे. भाजीत मीठ कमी पडलं तर 'मीठ कमी आहे' असं स्पष्ट सांगावं लागे.

पट्ट्या देवदाराच्या होत्या. लष्कराच्या लिलावात सुट्या भागांची रिकामी लाकडी खोकी निघाली होती, ती काकांनी घेतली आणि त्यांच्या फळ्या चिरून, रंधून पट्ट्या केल्या. लाकूड चांगलं होतं. पण त्यात खिळ्यांची भोकं होती, गाठी होत्या, आणि काकांना सुतारकाम येत नव्हतं. त्यांना दोष शोधता येत होते. काकू पट्टीचं एक टोक धरत, काका दुसरं टोक तिरकं कापत. भिंती सरळ असतील तर असे काप भिडतात. या घराच्या भिंती सरळ नव्हत्या. कुठे जोड आतून बंद आणि बाहेरून उघडा, कुठे त्याच्या उलट. काम संपलं त्या संध्याकाळी काकांनी खडू घेतला आणि एकूण एक कोपरा नापास केला.

पट्ट्या काढून नव्या मारायला ते तयार नव्हते. वर्कशॉपमध्ये गाडी दुरुस्त करतात, टाकून देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग दुरुस्ती सुरू झाली. मोठ्या फटीत ते त्याच लाकडाची पातळ चिपटी पांढरा गोंद लावून सारत आणि वाळल्यावर पटाशीच्या धारेने पट्टीसरशी छाटत. लहान फटीसाठी त्याच पट्टीचा भुसा गोंदात कालवून भरत. भुसा अगदी मऊ हवा म्हणून तो चहाच्या गाळणीतून चाळत. घरात दोन गाळण्या होत्या, एक चहाची आणि एक भुशाची. त्या दिसायला सारख्या होत्या.

"आज चहाला देवदाराचा वास येतोय," मी एकदा म्हणालो.

"तरी बरं, तुमच्याकडं देवदार आला," काकू म्हणाल्या. "काल आमच्यात गोंदपण होता."

भरलेला लगदा ते लाकडापेक्षा थोडा वर ठेवत, कारण वाळल्यावर तो खाली बसतो. मग काचकागद. काचकागद हातात धरून घासलेला त्यांना चालत नसे. तो लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा आणि रेषांच्या दिशेनेच चालवायचा. कोपऱ्यात दोन पट्ट्यांच्या रेषा वेगवेगळ्या दिशेला जातात, म्हणून जोडावर येऊन थांबायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा जोडापर्यंत यायचं. जोड ओलांडून घासलं की आडवे ओरखडे पडतात आणि ते पॉलिशखाली दुप्पट दिसतात. शेवटी केसाएवढी रेघ राहिलीच तर ते स्टीलच्या चमच्याच्या पाठीने कोपऱ्याची कड दाबून घासत. देवदार मऊ असतो. दोन्ही कडा एकमेकींवर झुकतात आणि रेघ मिटते. काकूंचे सगळे चमचे त्यामुळे एका बाजूने चपटे झाले होते.

तपासणी नखाने होई. उजव्या अंगठ्याचं नख काका कापत नसत. ते जोडावरून आडवं न्यायचं. एक पट्टी दुसरीपेक्षा जराही वर असेल तर बारीक 'टक' आवाज येतो. तो ऐकू यावा म्हणून काका पंखा बंद करत, शेजारच्या टीव्हीचा आवाज कमी करायला सांगत आणि जिन्यात येऊन मला हाक मारत.

"साहेब, पाच मिनिटं चालू नका."

"मी बसलोय, काका."

"मग उठूबी नका."

मी नोकरीनिमित्त रात्रपाळी करून दुपारी उठायचो. त्यामुळे अनेकदा पाच मिनिटं अंथरुणातच निघत.

ही तपासणी फक्त उन्हाळ्यात चाले. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फटी मिटल्यासारख्या दिसतात. "पावसात लाकूड खोटं बोलतं," असं काका म्हणत. जून ते दिवाळी तपासणी बंद. उन्हाळ्यात नगरची हवा कोरडी झाली की लाकूड आखडतं, भरलेला लगदा कडेने सुटतो. मागच्या वर्षी मिटवलेली फट यंदा पुन्हा केसभर उघडलेली असे आणि तिथे नवं वर्तुळ येई. अकरा वर्षांत अशा अकरा उन्हाळी तपासण्या झाल्या. दरवर्षी काही वर्तुळं पुसली जात, पण सगळी कधीच नाही.

त्यांची नजर घराबाहेरही अशीच होती. माझ्या दैनिकातल्या चुका ते खडूने दाखवत. वर्तमानपत्राच्या कागदावर खडू नीट उमटत नाही, म्हणून ते अंक जिन्याच्या पायरीवर ठेवत आणि चुकलेल्या ओळीच्या बाजूला पायरीवर रेघ ओढत. कधी काही बोलत नसत. हिवरे बाजारला त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने घर बांधलं तेव्हा त्याच्या गृहप्रवेशाला ते दोघं गेले होते. जेवून, आहेर करून, सगळ्यांचा निरोप घेऊन आले. काही महिन्यांनी त्या सहकाऱ्याचा फोन आला. आतल्या खोलीच्या दारामागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी, खडूचं एक लहान वर्तुळ सापडलं होतं.

"राग आला का?" काकांनी विचारलं.

"नाही रे," सहकारी म्हणाला. "फट आहे खरंच."

"तेव्हापासून कुठं जेवायला जायचं असलं की मी आधी ह्यांचा खिसा बघते," काकूंनी मला सांगितलं.

पण जेवायला जाणं हा काकूंसाठी हसण्याचा विषय नव्हता. काकांचा एक नियम होता. घर पास झाल्याशिवाय गृहप्रवेश नाही, आणि गृहप्रवेश झाल्याशिवाय त्या घरात पंगत नाही. आलेल्याला चहा मिळे, पोहे मिळत. पान वाढलं जात नसे. काकू नात्यातल्या प्रत्येकाच्या नव्या घरी जेवून आल्या होत्या, स्वतः कोणालाही बोलावलं नव्हतं. त्यांच्या माघारी बायका काय बोलत हे त्यांना माहीत होतं. त्याचं त्यांना फारसं वाटत नसे. वाटे ते एका माणसाचं.

काकूंचं माहेर खर्ड्याचं. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जात. मागे काकू आणि त्यांची थोरली बहीण राहत. तिला सगळे आक्का म्हणत.

"मला शाळेत तिनं घातलं," काकू सांगत. "स्वतः गेली नाही. भाकरी करायची, मला खाऊ घालायची आणि शाळेच्या दारापर्यंत सोडायची. पुढं लग्न झाल्यावर तिनंपण कोयता धरला. माझ्या घरात ती एकदा पाटावर बसून जेवली पाहिजे. बाकी मला काही नको."

आक्का अकरा वर्षांत एकदाही भिंगारला आल्या नव्हत्या. काकू दरवर्षी फोनवर म्हणत, ये, घर तरी बघून जा. आक्कांचं उत्तर ठरलेलं. "जेवायला बोलीव, मग येते. निस्तं घर बगायला यायला मी काय तलाठी हाय?"

त्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमाराला खर्ड्याहून आक्कांच्या पुतण्याचा फोन आला. आक्कांना काचबिंदू होता. डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं, उजव्याची कडेची नजर कमी झाली होती. गेलेलं परत येणार नाही, आहे ते औषधाने टिकवायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. किती टिकेल ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

काकूंनी त्याच दिवशी काकांपुढे विषय काढला. मी उसनी नेलेली गाळणी परत करायला खाली गेलो होतो, म्हणून ते ऐकलं.

"अहो, बुद्धपौर्णिमेला गृहप्रवेश करू. आक्काला बोलवू."

"पास कुठं झालंय अजून?"

"तिचा डोळा चाललाय."

काका उठून दाराजवळ गेले, एका वर्तुळावर नख फिरवलं आणि पुन्हा येऊन बसले. "मे महिना निघू दे," म्हणाले. "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका केस कापायला गेले होते. तेवढ्यात काकूंनी ओलं फडकं घेतलं आणि घरातली सगळी वर्तुळं पुसून टाकली. स्टुलावर चढून, दारं, खिडक्या, कपाटामागची चौकटसुद्धा. त्या दिवशी मी लवकर उठून जिन्यात दात घासत उभा होतो.

"काकू, हे काय?"

"झाडलोट," काकू म्हणाल्या.

काका आले. उंबऱ्यात चपला काढल्या आणि तिथेच थांबले. मला वाटलं होतं आवाज चढेल. तो चढला नाही. त्यांनी एकेका चौकटीकडे पाहिलं. मग पंखा बंद केला, खिशातून खडू काढला आणि पहिल्या दारापासून नवी तपासणी सुरू केली. काकू स्वयंपाकघरात होत्या. मी वर जाऊन बसलो आणि चाललो नाही.

दुपारपर्यंत सगळं घर तपासून झालं. मी खाली आलो तेव्हा काका खुर्चीत बसले होते आणि खडू खिशात परत गेला होता. वर्तुळं मोजकीच होती. दिवाणखान्याच्या एका खिडकीला, पुढच्या दाराला, आणखी एखाद-दोन ठिकाणी. बाकीच्या कोपऱ्यांवर वर्षानुवर्षं वर्तुळ होतं म्हणून तिथे दोष आहे असं ते धरून चालले होते. वर्तुळ गेल्यावर दोष सापडला नाही. काही जोड त्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वीच मिटवले होते, पुन्हा उघडतील म्हणून वर्तुळ तसंच ठेवलं होतं, आणि ते उघडले नव्हते. जुनं लाकूड आता फारसं आखडत नव्हतं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "सापडंना."

उरलेले कोपरे त्यांनी पुढच्या आठवड्यांत केले. चिपट्या, लगदा, काचकागद, चमचा. मे महिना लागला. ऊन वाढलं, लाकूड आखडायचं तेवढं आखडलं. एका रविवारी सकाळी काकांनी पुन्हा पंखा बंद केला, सगळीकडे नख फिरवलं. घरात एकही वर्तुळ उरलं नाही. काकू हातातलं काम टाकून समोर येऊन उभ्या राहिल्या.

"आता? झालं ना पास?"

काकांनी पंखा पुन्हा लावला.

"मला पास करता येत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"वर्कशॉपचा नियम हाय. ज्यानं काम केलं त्यानं पास करायचं नाही. दुसऱ्यानं करायचं."

काकू खाली बसल्या. "मग अकरा वर्षं तुम्ही काय करत होता?"

"नापास करत होतो. नापास कुणीबी करू शकतं."

 काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या रडतायत असं मला वाटलं. त्या हसत होत्या.

"मग मी करते पास," त्या म्हणाल्या.

"तू पट्टीचं टोक धरलं होतंस."

"हे साहेब करतील." माझ्याकडे बोट गेलं.

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हे चालवून घेणारे," म्हणाले. "ह्यांच्या पेपरात बघ काय काय चालतं."

काकू उठल्या, फोनजवळ गेल्या आणि खर्ड्याचा नंबर लावून फोन काकांच्या हातात दिला. काकूंचा बेत काकांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला असावा, कारण पलीकडून दोनदा 'कोन हाय' असं विचारलेलं मला ऐकू आलं.

"आक्का, मी बोलतोय," काका म्हणाले. "तपासणीला या."

"कसली तपासणी?"

"घराची. तुमी पास केलं तर जेवण, नाही केलं तर नाही."

पलीकडे आक्का मोठ्याने हसल्या. "पाव्हणं, शेवटी तलाठी केलंत व्हय मला! बरं. येते. पर मी उगं व्हय म्हनायची न्हाई."

"तसंच पाहिजे," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर ते खुश दिसत होते.

काकूंनी त्याच आठवड्यात भंतेजींना, नातेवाइकांना आणि गल्लीला बुद्धपौर्णिमेच्या जेवणाचं आमंत्रण देऊन टाकलं. काकांना त्यांनी हे सांगितलं नाही. मला सांगितलं.

"आक्का माझी बहीण आहे," त्या म्हणाल्या. "ती काय आडवी येणार आहे?"

आक्का पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आल्या. पुतण्याने त्यांना जामखेडहून एसटीत बसवून दिलं, काका नगरच्या स्टँडवरून घेऊन आले. सुती लुगडं, हातात पिशवी, पिशवीत काकूंसाठी बाजरीचं पीठ. उंबऱ्यात त्या थांबल्या, मान वळवून उजव्या डोळ्याने घर पाहून घेतलं. काकूंनी पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला आणि ताट घ्यायला आत वळल्या.

"थांब गं," आक्का म्हणाल्या. "आदी काम. जेवन पास झाल्यावर म्हनलेत ना पाव्हणं?"

"ते गृहप्रवेशाचं जेवण, आक्का. तू आत्ता दोन घास खा."

"खाल्ल्या अन्नाला जागावं लागंल मग. चहा दे निस्ता."

काका मागे उभे होते. त्यांनी मान हलवली. असा माणूस त्यांना वर्कशॉप सुटल्यापासून भेटला नव्हता, असं ते मला नंतर म्हणाले.

काकांनी नखाची पद्धत दाखवली. आक्कांनी आपला अंगठा पुढे केला. कोयत्याने आणि उसाच्या पाचटाने बोटांची कातडी जाड झाली होती, नख झिजलेलं होतं. "ह्याला काय कळतंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी लुगड्याचा पदर हातावर घेतला आणि खिडकीच्या कोपऱ्यावरून अलगद ओढला. पदर सरळ निघाला.

"हे काय केलं?" काकांनी विचारलं.

"पाळन्याची लाकडं अशीच बगायचे मी. पदराचा धागा अडाकला तर लेकराची कातडी अडाकती. हिला ज्या पाळन्यात घातलं हुतं, तो मी असाच बगितला हुता." त्यांनी काकूंकडे मान केली. "लई रडकी हुती. पाळन्याचा काय बी दोष नव्हता."

काकांनी पंखा बंद केला.

"कामून बंद केला? उकडायलंय."

काकांनी पंखा लावला. तपासणीच्या वेळी तो चालू राहिल्याचं मी प्रथमच पाहिलं.

खिडक्या पदराने झाल्या. दारांचे वरचे कोपरे उंच होते आणि आक्कांना स्टुलावर चढू द्यायला कोणी तयार नव्हतं. काकूंनी जुन्या लुगड्याचा एक तुकडा लाटण्याला गुंडाळून दिला. आक्का लाटणं वर करून कोपऱ्यावरून फिरवत, काका बाजूला हात मागे बांधून उभे राहत, काकू दोघांच्या मागे. पुढचं दार झालं, दिवाणखाना झाला, झोपण्याची खोली झाली. आक्का दरवेळी फक्त 'व्हय' म्हणत आणि पुढे जात. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी पोचेपर्यंत उद्याच्या खिरीबद्दल बोलू लागल्या होत्या.

स्वयंपाकघराच्या दाराच्या उजव्या कोपऱ्यात लाटणं थांबलं. आक्कांनी ते खाली घेतलं, पुन्हा वर नेलं. पुन्हा थांबलं.

"अडाकतंय," त्या म्हणाल्या.

"कुठं?" काका पुढे आले. तिथे यंदाच्या तपासणीत वर्तुळ आलं नव्हतं. स्टुलावर चढून त्यांनी नख फिरवलं. नखाला काही लागलं नाही. मग आक्कांकडून लाटणं घेऊन त्यांनी स्वतः ते फिरवलं. कापडाचा धागा अडकला. खोक्याच्या फळीतला जुना मोडका खिळा होता. स्वयंपाकघराच्या वाफेने त्याच्यावरचा लगदा बसला होता आणि खिळ्याचं टोक सुईच्या अग्राएवढं वर आलं होतं.

"आक्का, उद्या माणसं येणार आहेत," काकू म्हणाल्या.

"कोण माणसं?" काकांनी विचारलं.

"सगळी. भंतेजी, गल्ली, तुमच्या वर्कशॉपची. मी बोलावलंय."

काका स्टुलावरच होते. आक्का लाटणं काखेत धरून उभ्या होत्या.

"आक्का, एवढं सोड ना," काकू म्हणाल्या. "तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

"माज्यासाटी हाय म्हून तर," आक्का म्हणाल्या. "अडाकतंय ते अडाकतंय. उद्या लेकरं येत्याल, कुनाचं डोकं घासंल."

"एवढ्या उंच कुणाचं डोकं लागणार आहे?"

"तुझ्या नवऱ्याचं, स्टुलावरून उतरताना."

काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. घरात आता एकाऐवजी दोन तपासनीस होते. काकांनी खिशातून खडू काढला आणि आक्कांच्या हातात दिला. आक्कांनी लाटणं काकूंकडे दिलं, काकांनी स्टूल सोडलं आणि काकूंनी व मी दोन्ही बाजूंनी धरल्यावर आक्का एक पायरी चढल्या. त्यांनी काढलेलं वर्तुळ गोल नव्हतं, बटाट्यासारखं होतं. त्या घरात काकांशिवाय दुसऱ्याने काढलेलं ते पहिलं वर्तुळ.

काकांनी पक्कडीने खिळा उपटला. भोकात चिपटी सारली, वर भुशाचा लगदा भरला. मे महिन्याचं ऊन होतं, तरी वाळायला वेळ लागणार होता. आक्का दाराजवळ जमिनीवर बसून राहिल्या. काकूंनी उद्याचे तांदूळ निवडायला घेतले, पण निवडले नाहीत.

"वाळलं का?" त्यांनी विचारलं.

"गप गं," आक्का म्हणाल्या. "मी काय पळून चालले? तांदूळ निवड."

मग काकांनी पटाशी चालवली, ठोकळ्याला काचकागद गुंडाळला, एका बाजूने जोडापर्यंत, दुसऱ्या बाजूने जोडापर्यंत. शेवटी काकूंकडे हात केला आणि काकूंनी न विचारता चमचा दिला. कोपऱ्यातली रेघ मिटली. खिळ्याच्या जागी फिकट ठिपका राहिला. घासताना खडूचं वर्तुळ अर्धं गेलं होतं, अर्धं चौकटीवर होतं.

आक्कांना पुन्हा स्टुलाच्या पायरीवर चढवलं. या वेळी त्यांनी लाटणं मागितलं नाही. खांद्यावरचा पदर हातावर घेतला आणि उरलेलं वर्तुळ त्या पदरानेच पुसलं, जोडावरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पदर कुठे अडकला नाही.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "आता वाढ."

काकूंनी त्याच दारात पाट मांडला. आक्का जेवल्या. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. काकू समोर बसून वाढत होत्या. त्यांनी पहिल्या भाकरीनंतर दुसरी वाढली, नको म्हणत असताना तिसरी वाढली. काका पलीकडच्या खोलीत हत्यारं पुसून ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाली. भंतेजी, नातेवाईक, गल्लीतली घरं आणि वर्कशॉपचे जुने लोक मिळून अंगणात मांडव भरला. हिवरे बाजारचा सहकारी आला होता. आत शिरल्याबरोबर त्याने दारामागे वाकून पाहिलं आणि सगळे हसले. खीर पुरली. गल्लीतल्या पोरांनी चौकटींवर वर्तुळं शोधली, सापडली नाहीत. एका पोराने काकांकडे खडू मागितला, तो त्यांनी दिला नाही. आक्का चार दिवस राहिल्या आणि पाचव्या दिवशी एसटीने खर्ड्याला गेल्या. जाताना भुशाची गाळणी सोबत घेऊन गेल्या. ती भुशाची आहे हे माहीत असूनही काकूंनी दिली.

त्या पावसाळ्यात माझी बदली नाशिकच्या कार्यालयात झाली आणि मी खोली सोडली. दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. आक्कांची नजर उन्हाळ्यात होती तेवढीच होती, औषध चालू होतं. काका आणि काकू भाऊबिजेनंतर खर्ड्याला जाऊन आले होते. आक्कांनी आपलं घर स्वतःच्या हाताने, गावातल्या माणसांना घेऊन, पूर्वीच बांधलेलं होतं. काकांनी त्या कामाला हात लावला नव्हता, त्यामुळे त्यांना पास करता येत होतं. जाताना खिशात खडू होता. काकूंनी या वेळी खिसा तपासला नाही.

काकांनी आक्कांच्या घरातल्या सगळ्या चौकटी एका दुपारी पाहिल्या आणि सगळ्या पास केल्या. एकही वर्तुळ काढलं नाही.

जोडांना फटी नव्हत्या का, असं मी विचारलं.

"होत्या की," काकू म्हणाल्या. "बोट जाईल एवढ्या."